इवलेसे विमान आणि थिनरचा वास

प्लास्टिकच्या किटमधून विमानांच्या प्रतिकृती जोडण्याचा आणि रंगवण्याचा छंद बोटांना, डोळ्यांना आणि मनाला चांगले काम देतो. मात्र त्यात वापरला जाणारा गोंद, थिनर आणि रंगाचा फवारा घरातल्या बंद खोलीत कसा हाताळायचा, हे ठाऊक असणे तितकेच गरजेचे आहे.

नागपूर आणि विमान यांचे नाते जुने आहे. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे केंद्र नागपूर होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडण्यापूर्वी ती परतीच्या वाटेला लागलेली असत. आज हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय याच शहरात आहे आणि मिहानमध्ये बोइंग ७८७ विमानासाठी लागणारे भाग तयार होतात. अशा गावात काही जणांना विमानाचे वेड लागले, तर नवल नाही. कुणी ते आकाशात पाहून भागवतो, कुणी फोटो काढून, तर कुणी घरातल्या टेबलावर विमान ‘बांधून’.

हे बांधणे म्हणजे प्लास्टिकच्या किटमधून विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती तयार करणे. एनसीसीच्या हवाई विभागात गेलेल्या मुलामुलींना एरोमॉडेलिंगची तोंडओळख होते. काहींचा छंद तिथून सुरू होतो. काहींना तो निवृत्तीनंतर लागतो. पूर्वी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडे किट मागवावे लागे. आता ते ऑनलाइन घरपोच येते. लॉकडाऊनच्या काळात घरात अडकलेल्या अनेकांनी असे जुने छंद पुन्हा बाहेर काढले. छंद निरुपद्रवी दिसतो, आणि बहुतांशी तो आहेही. पण त्याच्या डब्यात एक ब्लेड असते, एक झटपट चिकटणारा गोंद असतो आणि एक थिनरची बाटली असते. या तीन गोष्टी डॉक्टरांच्या ओळखीच्या आहेत.

बहात्तरात एक

या छंदात सर्वांत रूढ असलेले प्रमाण आहे १:७२, म्हणजे मूळ विमानाच्या बहात्तरावा भाग. डाकोटाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर. प्रतिकृतीत तो ४० सेंटिमीटर होतो. २०२५च्या सप्टेंबरमध्ये हवाई दलातून निवृत्त झालेले मिग-२१ प्रतिकृतीत जेमतेम २० सेंटिमीटर लांब असते. त्यात बसलेला पावणेसहा फुटांचा वैमानिक भरतो २४ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाहूनही कमी. त्याचा चेहरा तीन-साडेतीन मिलिमीटरचा, आणि त्यावर हेल्मेट, प्राणवायूचा मुखवटा, पट्टे हे सगळे रंगवायचे असते.

प्लास्टिकचे किट येण्याआधी असे नमुने लाकडाचे असत. दुसऱ्या महायुद्धात १:७२ प्रमाणातले नमुने वापरून सैनिकांना आपले आणि शत्रूचे विमान ओळखायला शिकवले जाई. युद्धानंतर पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक स्वस्त झाले. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५३ साली स्पिटफायर विमानाचे किट बाजारात आणले आणि हा छंद घराघरांत गेला. कृती तेव्हापासून फारशी बदललेली नाही. प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले भाग कापून काढायचे, कडा घासायच्या, गोंदाने जोडायचे, फटी पुटीने भरायच्या, पुन्हा घासायचे, प्रायमर मारायचा, रंग द्यायचे आणि शेवटी हवाई दलाची वर्तुळे व क्रमांक असलेली चित्रे पाण्यात भिजवून चिकटवायची. एका विमानाला पंधरा दिवस सहज लागतात. काटेकोर माणसाला दोन महिनेही पुरत नाहीत.

बोटांचे काम, मनाला विसावा

वैद्यकशास्त्रात हाताने काही घडवण्याचा उपचार म्हणून वापर शंभर वर्षांहून जुना आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना विणकाम, सुतारकाम अशी कामे देऊन त्यांच्या हातांची हालचाल आणि मनाची उभारी परत आणण्याचे प्रयत्न झाले. त्यातून व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, ही शाखा वाढली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही तिचे शिक्षण दिले जाते. पक्षाघातानंतर चिमटीत मणी उचलणारा रुग्ण आणि चिमट्याने विमानाचे चाक बसवणारा छांदिष्ट, दोघेही बोटे, नजर आणि मेंदू यांचा मेळ घालत असतात.

मेंदूच्या आरोग्याबाबतही काही आश्वासक निरीक्षणे आहेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षे व त्यापुढील वयाच्या २५६ व्यक्तींचा सुमारे चार वर्षे पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आले. चित्रकला, हस्तकला, मित्रमंडळींत मिसळणे यांत मध्यमवयापासून रमलेल्यांमध्ये स्मरणशक्ती व विचारशक्ती मंदावण्याचे प्रमाण कमी आढळले. याचा अर्थ विमान जोडल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा मात्र घेता येत नाही. ज्यांचा मेंदू मुळात सशक्त आहे, तेच म्हातारपणीही छंद टिकवू शकतात, असेही असू शकते. पण हात, डोके आणि चिकाटी यांना रोज काम देणारा छंद तोट्याचा नाही, एवढे म्हणायला हरकत नाही.

दुसरा फायदा मनाचा. समोरचे काम फार सोपे नाही आणि हाताबाहेरचेही नाही, पुढचे पाऊल कोणते ते ठाऊक आहे आणि चूक लगेच दिसते, अशा कामात माणूस बुडून जातो. त्याला घड्याळाचे भान राहत नाही आणि डोक्यातली तीच ती काळजी थोडा वेळ थांबते. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेला ‘फ्लो’ असे नाव दिले. मोबाइलवर तासभर बोट फिरवल्यावर हातात काही उरत नाही. इथे तासाभरात निदान पंख तरी जोडून होतो.

पण हेच भान हरपणे उलटू शकते. तीन तास मान खाली घालून बसणारा माणूस उठताना मानेला हात लावूनच उठतो. मधुमेही व्यक्तीची जेवणाची वेळ टळते. आणि खोलीत थिनरची वाफ साचत असेल, तर तीही तितका वेळ श्वासात जात राहते.

गोंद चिकटवत नाही, विरघळवतो

थर्माकोलच्या मखरांचा जमाना आठवत असेल, तर एक गोष्ट अनेकांनी पाहिली असेल. थर्माकोलवर साधा स्प्रे पेंट मारला की त्याला खड्डे पडत आणि तो आक्रसून जाई. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन आणि विमानाचे किटही पॉलिस्टायरिनचेच. स्प्रेमधील द्रावक, म्हणजे सॉल्व्हंट, ते विरघळवतो. किटचा गोंद नेमके हेच करतो. तो दोन्ही कडा क्षणभर मऊ करतो, त्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि सांधा पक्का होतो. एका अर्थी हे प्लास्टिकचे वेल्डिंग आहे.

उडून जाणारा हा द्रावक जातो कुठे? खोलीच्या हवेत, आणि तिथून श्वासात. पातळ गोंदात बहुधा ॲसिटोन आणि ब्युटिल ॲसिटेट असतात. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळणारा ‘एनसी थिनर’ हे अनेक द्रावकांचे मिश्रण असते. त्यात टोल्युइन असू शकते आणि मिथेनॉलही. बाटलीवर घटकांची यादी क्वचितच असते. एका दुकानातला थिनर आणि दुसऱ्या दुकानातला थिनर यांत फरक असू शकतो, ही यातली खरी अडचण आहे.

हे द्रावक चरबीत सहज मिसळतात आणि आपला मेंदू व मज्जातंतूंची वेष्टणे चरबीयुक्त असतात. फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोहोचायला त्यांना फार वेळ लागत नाही. सुरुवातीला डोके जड होते, डोळे चुरचुरतात, मळमळते, चक्कर येते. मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर कारण कळायला हरकत नसावी. तरीही अनेक जण ‘पित्त झाले’ किंवा ‘ऊन लागले’ म्हणून सोडून देतात.

इथे नाकावर विसंबून चालत नाही. कोणत्याही वासात काही मिनिटे बसले की नाक त्याला सरावते आणि वास जाणवेनासा होतो. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली, असे नव्हे. कोविडनंतर किंवा अन्य कारणाने ज्यांची वासाची जाणीव कमी झाली आहे, त्यांना तर हा इशारा मिळतच नाही. घरातल्या दुसऱ्या कुणी दारातून ‘केवढा वास येतोय’ म्हटले, तर ते ऐकावे.

महिन्याकाठी एखादे विमान जोडणाऱ्याला या द्रावकांमुळे कायमची इजा होण्याची शक्यता अगदी कमी आहे. धोका ठरतो तो मात्रेवर: बंद खोली, मोठा फवारा, रोजचे तास आणि वर्षे. कारखान्यांतला अनुभव हे स्पष्ट दाखवतो. १९६०च्या दशकात जपानमध्ये घरोघरी चपला बनवणाऱ्या कामगारांच्या हातापायांतली शक्ती कमी होऊ लागली, मुंग्या येऊ लागल्या. कारण निघाले गोंदातले एन-हेक्झेन. काम घरात होते, खोल्या लहान होत्या आणि वारा खेळत नव्हता. छंदाचे टेबलही घरातच असते, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गर्भवती महिलांनी द्रावकयुक्त गोंद, थिनर आणि फवाऱ्यापासून दूरच राहावे. दमा असलेल्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे.

मोहरीची ठसक आणि एक नाजूक विषय

१९६०च्या दशकात अमेरिकेत किशोरवयीन मुले मॉडेलचा गोंद मुद्दाम हुंगू लागली. नशा म्हणून. यावर टेस्टर्स या कंपनीने १९६९ साली गोंदात मोहरीच्या तेलातला झणझणीत घटक मिसळायला सुरुवात केली. मोहरी वाटताना नाकात जी ठसक बसते, तिच्यामागे हाच घटक असतो. खोल श्वास घेतला की नाकाला झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. उपाय साधा होता, पण प्रश्न केवळ एका गोंदाचा नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर आणि थिनर या रूपांत आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक बाब ठळकपणे पुढे आली. हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा आहे, ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. या व्यसनासाठी मदतीची गरज असलेल्या मुलांची देशातली अंदाजे संख्या होती ४ लाख ६० हजार.

अशा हुंगण्यात मात्रा छंदापेक्षा कितीतरी पट जास्त असते. टोल्युइनच्या दीर्घ नशेने मेंदूतील पांढऱ्या भागाची झीज होते, तोल जातो, स्मृती मंदावते. मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जाऊन हातपाय अचानक लुळे पडू शकतात. आणि पहिल्याच वेळीही हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो.

म्हणून मुलाला किट आणून देताना पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, गोंद आणि थिनर त्याच्या खोलीत ठेवू नयेत. काम झाले की बाटली पालकांच्या कपाटात जावी. दुसरी, संशय घेत पाळत ठेवण्याऐवजी टेबलाशी बसून सोबत विमान जोडावे. कपड्यांना सतत थिनरचा वास, तोंडाभोवती पुरळ, अडखळते बोलणे, अभ्यासात अचानक घसरण, कापडाचे बोळे किंवा पिशव्या लपवून ठेवणे ही चिन्हे दिसली, तर रागावण्यापेक्षा डॉक्टरांकडे न्यावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक उपलब्ध आहे. या भीतीने छंदच बंद करण्याचे कारण नाही. ज्या मुलाचा हात कामात आणि मन विमानात आहे, त्याला चांगली सोबत मिळाली तर हा छंद त्याचे भलेच करतो.

फवारा आणि मास्कचा गैरसमज

विमानाचा रंग एकसारखा यावा म्हणून अनेक जण एअरब्रश वापरतात. पेनाएवढे हे साधन हवेच्या दाबाने रंगाचे अतिसूक्ष्म थेंब करते. त्यातले सगळे थेंब विमानावर बसत नाहीत. बरेचसे आजूबाजूच्या हवेत राहतात. साधारण पाच मायक्रॉनहून लहान थेंब नाक आणि घसा चुकवून थेट फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचू शकतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

‘आम्ही पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग वापरतो, तो बिनविषारी असतो,’ असे उत्तर अनेकदा मिळते. ॲक्रिलिक हा निश्चितच बरा पर्याय आहे, विशेषतः ब्रशने लावताना. पण ‘बिनविषारी’ हे लेबल फवारा श्वासात घेण्यासाठी लावलेले नसते. रंगातले कण आणि राळ फुप्फुसांना उपयोगाचे नाहीत. शिवाय काही ॲक्रिलिक रंगांत अल्कोहोलवर्गीय द्रावक असतातच.

दुसरा गैरसमज मास्कचा. कोविडनंतर एन-९५ मास्क घरोघरी आहे. तो कण अडवतो, त्यामुळे घासतानाची धूळ आणि रंगाचे थेंब यांपासून बराच बचाव होतो. पण थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते. वाफ अडवायला सक्रिय कोळशाचे, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचे, फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो. त्यातला कोळसा कालांतराने भरून जातो, म्हणून ठरावीक काळाने फिल्टर बदलावा लागतो. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. सर्जिकल मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल वाफेसमोर निरुपयोगी.

विशेष सावधगिरी हवी ती गाड्यांच्या रंगाबाबत. चकाकी येते म्हणून काही जण कारच्या दुकानातून रंग आणि ‘हार्डनर’ असे दोन डब्यांतले मिश्रण आणतात. अशा हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतात, आणि ते व्यवसायजन्य दम्याचे जगभर ओळखले गेलेले कारण आहे. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की अगदी थोड्या संपर्कानेही धाप लागू शकते. हे रंग घरात फवारूच नयेत. शिशाचीही बाब आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. जुन्या, लेबल नसलेल्या डब्या वापरण्याचा मोह टाळलेला बरा.

नागपूरचा उन्हाळा, कूलर आणि एसी

परदेशी पुस्तकांत सांगितलेली काळजी नागपूरच्या मे महिन्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. पारा ४५च्या पुढे गेला की थिनर झपाट्याने उडतो. म्हणजे तेवढ्याच वेळात खोलीत जास्त वाफ. दुपारी दारे-खिडक्या लावून, एसी सुरू करून छंद करणाऱ्याला हे लक्षात घ्यावे लागेल, की घरातला एसी बहुधा आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. वाफ बाहेर जात नाही.

याबाबतीत आपला जुना कूलर बरा. तो बाहेरची हवा आत ढकलतो. पण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी किंवा दार उघडे असले, तरच वाफ निघून जाते. टेबल असे ठेवावे, की कूलरची हवा पाठीकडून येऊन कामावरून पुढे खिडकीबाहेर जाईल. कामाकडून तोंडाकडे वारा येत असेल, तर उपयोग उलटा होतो. कूलरच्या वाऱ्याने रंगाचा फवारा विस्कटतो, ही छांदिष्टांची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे फवारणीपुरता कूलर बंद करून, पंखा बसवलेली आणि पाइपने हवा थेट खिडकीबाहेर सोडणारी फवारणीची पेटी वापरणे. साधा सोयीचा मार्ग म्हणजे पहाटे किंवा सकाळी गॅलरीत फवारणी करावी. शेजाऱ्यांची खिडकी लागून नाही ना, एवढे पाहावे.

आगीचा धोका मात्र बारा महिने आहे. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. स्वयंपाकघर, देवघरातली समई, डासांची कॉइल, बिडी-सिगारेट यांच्या आसपास थिनर उघडू नये. थिनरने भिजलेले बोळे उघड्या टोपलीत न टाकता बाहेर मोकळ्या हवेत वाळू द्यावेत.

ब्लेड आणि झटपट गोंद

आपल्याकडे बरेच छांदिष्ट औषधांच्या दुकानातून ११ क्रमांकाचे सर्जिकल ब्लेड आणतात. शस्त्रक्रियेत गळू फोडायला वापरतात, तेच हे टोकदार ब्लेड. शल्यचिकित्सक ते हातमोजे घालून, प्रखर प्रकाशात वापरतो. छांदिष्ट ते रात्री अकरा वाजता, डाव्या हाताच्या बोटांत धरलेल्या भागावर दाबतो. जखम बहुधा डाव्या तर्जनीला किंवा अंगठ्याला होते. बोथट ब्लेड जास्त घातक, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि ते निसटते. टेबलावरून चाकू घरंगळला, तर तो झेलायला हात किंवा मांडी पुढे करू नये, पडू द्यावा.

कापलेच तर वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मधे मधे उघडून पाहू नये. रक्त थांबत नसेल, बोटाचे पेर वाकत किंवा सरळ होत नसेल, किंवा पुढचा भाग बधिर वाटत असेल, तर आतली शीर किंवा स्नायुबंध कापला गेल्याची शक्यता असते. अशा वेळी हळद भरून घरी थांबू नये; त्याच दिवशी रुग्णालयात जावे. धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवत नसेल, तर तेही सांगावे.

झटपट चिकटणारा गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट, १९४२ साली अमेरिकेतील हॅरी कूव्हर यांच्या हाती लागला. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हा पदार्थ सगळ्यालाच चिकटू लागला, म्हणून तो तेव्हा बाजूला पडला. त्वचेवरच्या ओलाव्याने तो क्षणात घट्ट होतो. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणपाण्यात भिजवून हळूहळू गोलाकार फिरवत सोडवावीत. सुती कापडावर किंवा कापसावर हा गोंद मोठ्या प्रमाणात सांडला तर उष्णता निर्माण होऊन भाजू शकते. म्हणून सांडलेला गोंद कापसाने टिपू नये.

डोळ्यात गोंद गेला तर घबराट होते. अशा वेळी पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत आणि ॲसिटोन डोळ्याजवळ अजिबात नेऊ नये. भरपूर स्वच्छ, कोमट पाण्याने धुऊन, वर ओले स्वच्छ कापड ठेवून नेत्रतज्ज्ञांकडे जावे. चिकटलेल्या पापण्या बहुधा काही दिवसांत आपोआप सुटतात, पण बुब्बुळावर ओरखडा आहे का, हे तपासावेच लागते. जगभरात नोंदवले गेलेले एक कारण फार साधे आहे: डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणि गोंदाची बाटली शेजारी शेजारी ठेवणे. घरात काचबिंदूचे थेंब घालणारे आजी-आजोबा असतील, तर गोंद त्यांच्या औषधांपासून लांब ठेवावा. आणि शस्त्रक्रियेत जखम जोडायला वापरतात तो गोंद वेगळा, निर्जंतुक असतो; घरातला गोंद जखमेवर लावू नये.

डोळे थकतात, हात थरथरतो

चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. वैमानिकाचा चेहरा रंगवता येईना, म्हणून अनेक जण छंद सोडतात. खरे तर त्यांना योग्य नंबरचा चष्मा आणि डोक्याला लावायचे भिंग पुरते. प्रकाश डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी यावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीस फुटांपलीकडे पाहावे आणि अर्ध्या तासाने उठून मान मोकळी करावी. काम छातीच्या उंचीवर आणले, तर मान कमी वाकते.

हाताचे थरथरणे हा विषय थोडा अधिक लक्ष देण्याजोगा आहे. सूक्ष्म कंप प्रत्येकाच्या हातात असतो. चहा-कॉफी जास्त झाली, झोप कमी झाली, चिंता वाढली की तो जाणवू लागतो. दम्याचे सॅल्ब्युटामॉल किंवा फिटचे व्हॅल्प्रोएट यांसारखी औषधे, तसेच थायरॉइडचा विकार यांनीही तो वाढतो. मनगटे टेबलाला टेकवून काम केले की बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

पण ब्रश हातात घेतल्यावर वाढणारा, दोन्ही हातांचा आणि महिन्यागणिक बळावणारा कंप वेगळा. कपातला चहा सांडू लागला असेल, घरात आणखी कुणाला असा त्रास असेल, तर तो ‘इसेन्शियल ट्रेमर’ असू शकतो. त्यावर औषधे आहेत. पार्किन्सनचा कंप बहुधा हात स्वस्थ मांडीवर ठेवलेला असताना दिसतो आणि एका बाजूने सुरू होतो. त्यासोबत हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते. सूक्ष्म काम करणाऱ्याला असा बदल इतरांच्या आधी लक्षात येऊ शकतो. पूर्वी एका बैठकीत रंगवून होणारी पट्टी आता तीन बैठका घेते, बटणे लावायलाही वेळ लागतो, असे वाटले, तर ‘वय झाले’ म्हणून ब्रश ठेवून देऊ नये. तपासणी करून घ्यावी. निदान लवकर झाले, तर हात जास्त काळ कामाचे राहतात.

टेबलाशी बसण्यापूर्वी

• फवारणी आणि गोंदकाम वारा खेळता असलेल्या जागीच करावे. झोपण्याच्या खोलीत रंगवलेले विमान रात्रभर वाळत ठेवू नये.
• ब्रशने ॲक्रिलिक रंग, ही सुरुवात सर्वांत सुरक्षित. मुलांसाठी न चिकटवता खटक्याने जोडायची किट मिळतात.
• घासताना पाणी वापरावे. ओला सँडपेपर धूळ उडू देत नाही. रेझिनचे भाग घासताना एन-९५ मास्क लावावा.
• थिनर हाताला लागू देऊ नये. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ॲसिटोन काही मिनिटांत झिरपतो. ते ओले झाले की बदलावेत.
• ब्रशचे टोक ओठांनी ओले करू नये. टेबलावर चहा-फराळ नको. उठल्यावर हात साबणाने धुवावेत.
• थिनर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. कुणी प्यायलेच तर उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून लगेच रुग्णालयात न्यावे.
• वापरलेली ब्लेड जाड डब्यात साठवून, झाकण लावून टाकावीत. कचरा वेचणाऱ्यांच्या हातांचा विचार करावा.
• डोके जड वाटले, चक्कर आली, धाप लागली तर काम तिथेच थांबवून मोकळ्या हवेत यावे. तरीही बरे वाटले नाही, तर डॉक्टरांना कोणता गोंद किंवा रंग वापरला ते सांगावे. जमल्यास डबी सोबत न्यावी.

एवढी काळजी वाचून किट कपाटातच ठेवावेसे वाटण्याची गरज नाही. फोडणी देताना आपण खिडकी उघडतो, विळीवर बसताना लक्ष ठेवतो. म्हणून स्वयंपाक सोडत नाही. थिनर आणि ब्लेड यांनाही तेवढाच मान द्यायचा आहे. खिडकी उघडी, कूलर पाठीशी, चष्मा नाकावर आणि गोंद औषधांपासून लांब, इतके जमले की मिग असो वा डाकोटा, घरातल्या टेबलावरून ते निर्धास्त बाहेर पडते.